राखाडी खिडकी

"जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

बिझर्ट गावच्या जुन्या बंदराजवळ, सांस्कृतिक भवनात खुर्च्या मांडणाऱ्या त्या अनोळखी तरुणाशी लमिया पहिल्यांदा बोलली ती अशी. तो बाजूला झाला, पण गेला नाही... तिच्या लॅपटॉपवरची रिकामी, राखाडी खिडकी बघत राहिला.

"उजेडाचा दोष नसावा," तो हळूच म्हणाला.

लमियाला राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. संध्याकाळी तिच्या बाबांचा कार्यक्रम होता. गाव त्यांना आदराने सी तौफीक म्हणायचं; गावातल्या नवरानवरींचे फोटो त्यांनीच जन्मभर काढले होते. आता डोळे दगा देऊ लागले होते. दिसतंय तोवर सगळे फोटो एकदा भिंतीवर मोठे बघायचे, हा त्यांचा हट्ट. फोटोंतली माणसंही येणार होती. बटण दाबलं की पुढचा फोटो, असा प्रोग्रॅम लिहायचं लमियाने मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं होतं. बटण झालं होतं. फोटोंचा पत्ता नव्हता.

तरुणाचं नाव स्कंदर. बंदराच्या कचेरीत हवामानाचे नकाशे पडद्यावर आणायचं त्याचं काम. आज मामाने खुर्च्यांसाठी पकडून आणलेलं. फाइली बघून त्याने सांगितलं, की स्कॅन केलेले फोटो सगळे टिफ प्रकारचे आहेत, आणि तिने प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला त्या पायथनची ही साधी खिडकी टिफ उघडतच नाही. पीएनजी प्रकारात बदलून द्यायला हवेत. चार ओळी लिहून त्याने अख्खा फोल्डर बदलायला लावला. तो पावसातून आला होता. ओल्या बाहीचं पाणी कीबोर्डवर पडू नये म्हणून कोपर उंच धरून टाइप करत होता – लमियाला हसू आवरेना.

ती आभार मानायला गेली, तर तो म्हणाला, "थांबा, आधी फोटो दिसू दे."

आणि फोटो दिसलाच नाही. आता प्रोग्रॅमची तक्रारही नव्हती, नुसती राखाडी खिडकी. दाराशी बाबांचा आवाज ऐकू आला तसे लमियाचे डोळे भरून आले.

स्कंदरने तिचा कोड वाचला. "या चुकीपायी मीही रडकुंडीला आलो होतो," तो म्हणाला. "खिडकी चित्र दाखवते, सांभाळत नाही. तुम्ही चित्र आणलंत, तिला दिलंत आणि सोडून दिलंत. पायथनला वाटतं कुणाला नकोय, तो टाकून देतो. एखाद्या नावाने धरून ठेवा."

"कुठल्या नावाने?"

"कुठल्याही. त्याला काय..." मामाची हाक आली आणि तो पळाला.

लमियाने क्षणभर विचार केला, एक नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. खिडकीत एक नवरी लाजून हसत होती.

संध्याकाळी बाबा भिंतीला नाक लावून एकेक चेहरा ओळखत होते. "ही झोहरा. पाय दुखत होता, म्हणून बसवून काढला."

"अजून दुखतोय, सी तौफीक," मागून म्हातारी झोहरा म्हणाली, आणि सभागृह हसलं. बाबाही हसले, डोळे पुसत. लमियाला वाटलं, या संध्याकाळीबद्दल देवाचे आणि आणखी एका माणसाचे किती उपकार मानावेत...

माणसं पांगल्यावर तो माणूस लॅपटॉप आवरायला आला. प्रोग्रॅम बंद करता करता त्याचा हात थांबला. चित्र धरून ठेवणाऱ्या ओळीत त्याचंच नाव होतं.

"आभार मानू देत नव्हतास ना," लमिया म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

त्याचे कान लाल झाले. "हे नाव... चालतंय?"

"चालतंय. चित्र जात नाही."

बाहेर पाऊस थांबला होता. स्कंदरने फाइल जपून ठेवली, लॅपटॉप मिटला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"मग बदलू नकोस," तो म्हणाला.