कानाची स्लाइड

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही रात्रीबेरात्री नाही... सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये.

विद्यार्थ्यांसाठी स्लाइड बनवणं हे मावशीचं काम. कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, तीन प्रकार लागतात. श्वासनलिकेतली काचेसारखी नितळ, मणक्यांमधली चिवट आणि कानातली लवचीक. कूर्चेत रक्तवाहिनी नसते, मज्जातंतू नसतात. पेशी आपापल्या इवल्याशा खोलीत पडून असतात.

"माझ्यासारख्याच," मावशी म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिचे यजमान, आमचे काका, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह याच कॉलेजला दिला होता. तेव्हापासून मावशी काम करताना त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची. गुडघेदुखी, शेजारणीच्या कागाळ्या, काय वाट्टेल ते.

त्या दुपारी तिनं कानाच्या नव्या ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचा, पातळ काप घेतला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. काळे तंतू झकास उठले होते.

पण खोल्या...

सगळ्या रिकाम्या.

घाई झाली की पेशी आकसतात, गळतात. तिनं दुसरा काप घेतला. तोही तसाच.

"घ्या! अहो, आता तुम्हीच सांगा, कुठे माती खाल्ली मी?"

...प्रत्येक खोलीत पेशी होती.

ती गप्प झाली. खोल्या रिकाम्या झाल्या.

पुन्हा बोलली... भरल्या.

मावशी घाबरली नाही. रडली. वर्षभरानं तिचं कुणीतरी ऐकत होतं. अंधार पडेपर्यंत ती बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं धीर करून विभागप्रमुख सरांना विचारलं, "सर, हा कान... आमच्या ह्यांचा का?"

"छे हो ताई! त्यांना अजून हातही लावलेला नाही. हा एका बेवारस पेशंटचा. वॉर्डात कित्येक महिने पडून होता, भेटायला चिटपाखरू आलं नाही."

नवराबायकोतलं सगळं मावशीनं एका परक्याला सांगून टाकलं होतं.

काही दिवस ती तोंडाला कुलूप लावून बसली. मग राहवेना. स्लाइड काढली.

"बरं बाबा, ऐक," ती म्हणाली.

तिनं हे सारं सांगितल्यावर मी तिला म्हटलं, "पुरे झाली ती लॅब. आमच्याकडे राहायला चल."

"आणि त्याच्याशी कोण बोलेल रे?"

एकटेपणानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच मला वाटलं. म्हणून तिला घ्यायला लॅबमध्ये गेलो तेव्हा, ती हात धुवायला बाहेर गेल्यावर, मी हळूच मायक्रोस्कोपला डोळा लावला.

रिकाम्या खोल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग...

एक खोली भरली. मग शेजारची. मग सगळ्याच.

मी तोंडातून शब्द काढला नव्हता. लॅबमध्ये दुसरं कुणीच नव्हतं.

आणि त्यानंतर कुठे, लांब पॅसेजच्या टोकाला, मावशीच्या चपला वाजल्या. त्याला तिची चाहूल आधीच लागली होती.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला तिथून आणावं की तिथेच राहू द्यावं, खरंच कळत नाही.