कुंपणावरचा आवाज

यारामीला येऊन सात महिने झाले, तरी मर्ल पॅस्कोचा एकही पाव नीट फुगला नव्हता. समुद्रकाठच्या गावी आईच्या भट्टीशेजारी वाढलेली मुलगी; पाव फुगतो, यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मग आई गेली, घर विकलं गेलं, आणि थोरला भाऊ क्लेम म्हणाला, चल माझ्याकडे, घर सांभाळ. म्हणून ती मेंढ्यांच्या या अफाट रानात आली. सर्वांत जवळचा शेजार चाळीस मैलांवर. क्लेम सकाळी गाडी घेऊन विहिरींच्या फेरीला जायचा, तो दिवेलागणीला यायचा. मधल्या वेळात घरात वारा, पत्र्याचं छप्पर आणि मर्ल.

आणि रेडिओ. विमानानं येणाऱ्या डॉक्टरांना बोलावता यावं म्हणून घरोघरी बसवलेला तो संच. सकाळी डॉक्टरांच्या तळावरचे हॉलिस सगळ्यांना आलेल्या तारा वाचून दाखवत, त्यामुळे कुणाला बाळ झालं, कुणाची सासू राहायला येते आहे, ते चारशे मैलांत एकाच वेळी कळायचं. आणि दुपारी तीन वाजता बायकांच्या गप्पा. मर्ल नुसती ऐकायची. ओळख ना पाळख, काय बोलायचं?

पंचावन्न सालच्या जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, एका बोचऱ्या थंडीच्या दुपारी, तिनं हिंमत केली. खटका दाबला, आणि आपला पाव विटेसारखा होतो, काय करावं, असं कसंबसं विचारलं. दोघीतिघींनी उपाय सांगितले. मग एक पुरुषी आवाज आला... खोल, सावकाश, कुठं जायची घाई नसलेला.

"कणकीला थंडी वाजत असेल," तो म्हणाला. "रात्री घोंगडीत गुंडाळा आणि शेजारी घेऊन झोपा. मी तसंच करतो."

हॅनाफोर्डबाईंनी विचारलं, की जो, बायकांच्या वेळेत तुझं काय काम? सहा मुलं वाढवलेल्या या बाईंचं प्रत्येक गोष्टीत एक मत असायचं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की उंटांशी बोलून बोलून विषय संपलेत.

मर्लला हसू आवरेना. तिनं पुन्हा खटका दाबला.

"आणि कणकीनं रात्री कूस बदलली तर?"

"तर समजायचं, फुगली."

दुसऱ्या दिवशी पाव फुगला. आता हे त्याला सांगायला नको? तिनं सांगितलं. तिथून सुरुवात झाली.

जो म्हणजे कुंपणावरचा माणूस. रानकुत्र्यांनी मेंढ्यांवर येऊ नये म्हणून देशभर आडवं गेलेलं जाळीचं कुंपण, त्यातले सत्तर मैल त्याच्याकडे. दोन उंट घेऊन तो फिरायचा, वाळूत गाडली गेलेली जाळी उकरून काढायचा, आणि महिन्यातले दहाएक दिवस पत्र्याच्या एका खोलीत काढायचा. तिथं त्याचा रेडिओ. मर्ल त्याला समुद्राबद्दल सांगे, तो तिला वाळूच्या रंगांबद्दल. दोघांमध्ये दीडशे मैलांचं अंतर आणि चाळीस घरांचे कान! त्यामुळे सगळं आडूनच बोलावं लागायचं. "आज वारा तुमच्याकडून येतोय," तो म्हणायचा. त्यात वाऱ्याचं काही नसायचं, हे तिला कळायचं. हॅनाफोर्डबाईंनाही कळायचं, त्या मध्येच खाकरायच्या.

मर्लनं मनात त्याचं चित्रही रंगवलं होतं. तांबूस केस, नाकावर ठिपके, आयरिश वळणाचा हसरा चेहरा. जो म्हटल्यावर दुसरं काय असणार?

सप्टेंबरात कुडनाला घोड्यांच्या शर्यती भरायच्या. कुडना म्हणजे रुळांनी दुभंगलेलं छोटंसं गाव. अलीकडे गोऱ्यांची घरं आणि सभागृह, पलीकडे उंटवाल्यांची वस्ती, खजुराची झाडं, पत्र्याची छोटी मशीद. शर्यतींना मैलोन्‌मैल अंतरावरून माणसं येत. मर्लनं सगळ्यांच्या कानांदेखत विचारलं, "तुम्ही येणार का?"

तो म्हणाला, "बघू."

त्या एका शब्दावर तिनं निळा झगा शिवून काढला.

शर्यतीच्या दिवशी ती ठिपकेवाल्या प्रत्येक नाकाकडे बघत फिरली. कुणाचाच आवाज तो नव्हता. शेवटी दमून ती मैदानाच्या कठड्याशी उभी राहिली. शेजारी एक उंच, सावळा माणूस उभा होता, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, टोपी हातात धरून. तिच्या हातात काही नाही हे पाहून त्यानं कुठूनसा चहा आणून दिला. तिनं आभार मानले, त्यानं नुसती मान हलवली. घोडे धूळ उडवत गेले, वाऱ्यानं तिची टोपी उडाली, ती त्यानं हवेतच पकडली आणि हलकेच झटकून परत दिली. किती जपून धरली होती त्यानं ती...

"तुम्ही फारसं बोलत नाही वाटतं," ती म्हणाली.

तो हसला. काही बोलला नाही.

अनोळखी माणसापाशी मन मोकळं करणं सोपं असतं. ती समोर धुळीकडे बघत म्हणाली, "मी कुणाची तरी वाट बघतेय. पण तो काही येत नाही आता."

"आलाय," शेजारून आवाज आला. खोल, सावकाश. "दोन तास झाले."

रेडिओत घुमणारा तो आवाज इतक्या जवळून, श्वासासकट ऐकायची मर्लला सवय नव्हती. मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बोललो असतो तर ओळखलं असतंत. न ओळखता मला शेजारी किती वेळ उभं राहू देता... ते बघत होतो."

त्याचं नाव युसूफ नाझर. शाळेतल्या मास्तरांना ते जमेना, म्हणून जो. आजोबा पेशावरकडून उंटांच्या कळपासोबत बोटीनं आले होते. ही रेल्वे यायच्या आधी या सगळ्या मुलखाची लोकर, पीठ, तारायंत्राचे खांब त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेले. नागरिक करून घ्या म्हणून त्यांनी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला, दोन्ही वेळा शब्दसुद्धा तेच. हे त्यानं अगदी साध्या सुरात सांगितलं, जाळीतलं भोक सांगावं तसं.

बक्षिसांनंतर सभागृहात चहा होता. मर्ल म्हणाली, चला. तो पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला.

"आत भिंतीवर फळा आहे," तो म्हणाला. "युद्धात गेलेल्यांची नावं. तिसरी रांग, खालून दुसरं. करीम नाझर. माझा थोरला भाऊ. आफ्रिकेच्या वाळवंटात गेला."

"मग या ना, दाखवा मला."

"मी खिडकीतून बघतो दर वर्षी. आत येऊ नको असं कुणी म्हणालेलं नाही. ये असंही कुणी म्हणालेलं नाही. आमच्या घरातल्या आणखी किती जणांनी मातीत जायचं, म्हणजे ही माती आमची म्हणता येईल?"

मर्ल आत गेली, त्या फळ्यापाशी उभी राहून नाव वाचलं, दोन कप चहा आणि केकचे दोन तुकडे घेतले, आणि सगळ्या गावासमोर बाहेरच्या पायरीवर त्याच्या शेजारी येऊन बसली. खिडकीत माणसं जमली. निळ्या झग्यावर केकचा चुरा पडत होता, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आपण बरोबर जागी बसलो आहोत.

"माझी खोली एकच आहे," तो कपात बघत म्हणाला. "भोवती माणूस नाही काणूस नाही. एक प्रश्न मनात आहे, मर्ल... पण तो कुणाला विचारावा असं ते घर नाही."

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात क्लेमचा हात तिच्या दंडावर पडला.

क्लेम वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, की आपली माणसं काय म्हणतील याचा तरी विचार कर. मर्लनं विचारलं, आपली म्हणजे कोण? आपले आजोबा तांबं खणायला बोटीनं आले, त्याचे आजोबा उंट घेऊन बोटीनं आले, दोघं उतरले त्यात पाच वर्षांचंसुद्धा अंतर नसेल. क्लेमनं गाडी आणखी जोरात हाकली.

दुसऱ्या दिवशी रेडिओ होता, पण बोलायचा खटका आणि त्याची वायर जागेवर नव्हती. डॉक्टर लागला तर जोडीन, असं क्लेमनं दारातूनच सांगितलं, तिच्याकडे न बघता.

म्हणजे आता नुसतं ऐकायचं. तीन वाजले की तो आवाज यायचा. "यारामी, यारामी... ऐकू येतंय का?" मर्ल संचासमोर हात मांडीत घेऊन बसायची. येतंय, ती पुटपुटायची. येतंय रे. पत्रा कडकड वाजायचा, वारा दाराखालून वाळू आत लोटायचा. अकरा दिवस तो हाका मारत राहिला. बाराव्या दिवशी नाही. त्यानंतर एकदा हॅनाफोर्डबाई कुणालातरी सांगत होत्या, की जो कुंपण सोडणार म्हणे, महिनाअखेरीस क्वीन्सलंडला जाणार.

एवढं एकाकी तिला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. माणूस आपल्याला हाक मारतो, आपल्याला ती ऐकू येते, आणि आपण गप्प राहिलो असं तो समजून जातो...

पंधरवड्यानं टपालगाडी आली. मर्लनं एक कागद घडी घालून ड्रायव्हरच्या हातात ठेवला आणि कुडनाच्या पोस्टात द्यायला सांगितला.

तीन दिवसांनी, सकाळी, क्लेम अजून न्याहारीला बसलेला असताना, हॉलिस तारा वाचायला लागले. बाराव्या तारेला त्यांचा आवाज जरा अडखळला.

"युसूफ नाझर, कुंपण. रोज ऐकत होते. बोलायला साधन नव्हतं. जो प्रश्न विचारला नाहीत त्याचं उत्तर... हो. मर्ल पॅस्को."

क्लेमच्या हातातला चमचा तसाच राहिला. मर्ल उभीच होती, पाठ भिंतीला टेकून. रेडिओत खरखर, नुसती खरखर. चारशे मैलांत कुणीही श्वास घेत नसावं. मग हॅनाफोर्डबाईंचा आवाज आला: हॉलिस, आवाज नीट आला नाही, पुन्हा वाचता का? हॉलिसनी पुन्हा वाचली. सावकाश, एकेक शब्द.

"कुंपण," त्यांनी विचारलं, "तार मिळाली का? उत्तर आहे?"

"मिळाली." तो आवाज इतका हळू की मर्ल दोन पावलं पुढे सरकली. "उत्तर आहे. मीच घेऊन येतो. चार दिवस लागतील. उंटांना सांगून बघतो, जरा भरभर चला म्हणून."

चौथ्या दिवशी दुपारी तो फाटकाशी आला. क्लेम पहाटेच लांबच्या विहिरीवर निघून गेला होता. टेबलावर काही चिठ्ठी नव्हती. मर्लनं पेटी उचलली, घराकडे एकदा वळून पाहिलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते फक्त भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

कुडनाला सरकारी कचेरीत त्यांचं लग्न लागलं. साक्षीला हॅनाफोर्डबाई नव्वद मैल गाडी हाकत आल्या होत्या. आवाजावरून वाटल्या होत्या त्याच्या निम्म्याच उंच. त्यांनी युसूफला दंडाला धरून सभागृहात नेलं, तिसऱ्या रांगेसमोर उभं केलं, आणि स्वतः दाराबाहेर जाऊन कुणी येतं का ते बघत उभ्या राहिल्या. तो पुष्कळ वेळ आत होता. मर्लनं त्याचा हात धरला होता, तो सोडला नाही.

पत्र्याच्या खोलीपासून कुंपण दोन्हीकडे नजर पोहोचेपर्यंत गेलं होतं. इथंही वारा तोच, वाळू तीच. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकांच्या गप्पा चालू होत्या, मर्ल पीठ चाळत होती, आणि मध्येच एक पुरुषाचा घोगरा आवाज आला.

"मी यारामीहून बोलतोय," क्लेम म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "माझी बहीण... म्हणजे मर्ल. ती नीट पोहोचली का, कुणाला माहीत आहे का?"

सगळ्या थांबल्या होत्या. युसूफनं संच उचलला, वायर सांभाळत तिच्यासमोर टेबलावर ठेवला, आणि टोपी घेऊन उंटांकडे निघून गेला.

मर्लनं पिठाचे हात झग्याला पुसले आणि खटका दाबला.

"पोहोचले रे, क्लेम," ती म्हणाली. "तू जेवलास का?"