रस्त्याच्या निऱ्या

भेंडवड फाट्यावर रस्ता ओलांडायचा तर पाण्याची बाटली घेऊन निघायचं, ही सवय आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. नव्या माणसाला हसू यायचं. पलीकडचं तर समोर दिसतंय, म्हणायचा, हाक मारली तर ओ येते. येते खरी! पण निघून बघा म्हणावं.

रुंदीकरणात कुणाचं घर गेलं नव्हतं, झाड पडलं नव्हतं. गावानं पेढे वाटले होते. महामार्ग बाहेरून होता तेवढाच राहिला आणि आतून वाढला. प्रकल्पाच्या शास्त्रज्ञ डॉ. वृषाली उकिडवे याला 'निरीविस्तार' म्हणत. साडीच्या निऱ्या चार बोटांत मावतात, सोडल्या की हातभर पसरतात. तशी त्यांनी रस्त्याची जागाच चुणली होती, तीही दोन पुरुष उंचीपर्यंत. उंचावरच्या ओट्यावरून बघणाऱ्याची नजर आणि हाक वरून पलीकडे पोचायची, पायांना मात्र एकेक निरी चालावी लागायची. भुयारी मार्ग रस्ता रुंद झाला तरच मिळतो, आणि कागदावर हा रुंद झालाच नव्हता. आता बोला!

त्या दिवशी दौलत काळोखेंची गाय गोठ्यात विताना अडली होती आणि गोठा पलीकडे. दौलत सकाळीच पांढऱ्या पट्ट्यांवरून निघाले. ऊन कलतं झालं तरी पोचले नाहीत. गाईचं हंबरणं ओट्यावर ऐकू येत होतं. त्यांची बायको कौसल्या घाबरून टोलनाक्यावर उकिडवे मॅडमना गाठायला धावली.

"मॅडम, आमचे हे वाट चुकले का हो? एव्हाना दोनदा जाऊन येतात."

मॅडमनी पडद्यावर बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. "नाही, सरळच चाललेत. पण आज सणाच्या गाड्या फार आहेत. कोंडी होऊ नये म्हणून गाडी आत आली की यंत्र एक निरी सोडतं."

"मग?"

"मग ते चालतायत आणि कड लांब जातेय. अलीकडची, पलीकडची, दोन्ही."

"अहो, पण आमची माणसं गेलीत की शोधायला! ट्रॅक्टर घेऊन, मोटारसायकली घेऊन."

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यांच्यासाठीही निऱ्या सुटल्या."

"पायी पाठवते मग."

"यंत्राला माणूस काय नि ट्रक काय. आलेल्याला जागा करून द्यायची, एवढंच त्याला कळतं."

"मेलं बंद करा ना ते!"

"एकदम बंद केलं तर निऱ्या मिटतील, आत माणसं असताना. नाक्यांवर गाड्या थांबवायला वर कळवलंय, ते माझ्या हातात नाही. गर्दी ओसरली की निऱ्या हळूहळू मिटतात. तुमची माणसं तेवढी परत बोलवा. कुणीच जाऊ नका."

कौसल्याला काही उमजेना. शोधायला गेलं तर माणूस लांब जातो, आणि हातावर हात धरून बसलं तर घरी येतो? हे कुठलं शास्त्र? तरी तिनं फोन करून सगळ्यांना माघारी बोलावलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणून दीर ओरडला. तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

घरून पाण्याचा तांब्या घेऊन ती पट्ट्यांपाशी येऊन उभी राहिली, तोच दौलतचा फोन आला.

"अगं, मघाशी आपल्या ट्रॅक्टरचा आवाज आला. मागं फिरला वाटतं?"

"मीच फिरवला."

"का गं?" दौलतचा आवाज चिरकला. "पाणी संपलंय माझं. गोठा दिसतोय, पण जवळ येईना."

तिनं निऱ्यांचं सांगायला घेतलं, पण तिचं तिलाच कळेना.

"ते राहू दे. तू तरी ये. अर्ध्या वाटेत भेटू."

तिला राहवलं नाही. हातात तांब्या होताच. तिनं पहिल्या पट्ट्यावर पाय टाकला.

"अगं," दौलत म्हणाले, "गोठा आत्ता आणखी मागं सरकला बघ."

कौसल्यानं पाय मागं घेतला. "मी नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही चाला."