बारा हजार सुती शर्ट

सप्टेंबर १९८५. साकीनाक्याचे कारखानदार चंद्रप्रकाश नार्वेकर अंधेरीला खासगी गुप्तहेर वसुधा कोठारेच्या ऑफिसात आले, तेव्हा माल जहाजावर चढायला चार दिवस उरले होते.

बारा हजार सुती शर्टांचा कोट्याचा दाखला कपाटातून नाहीसा झाला होता. अमेरिका दरवर्षी ठरावीकच सुती कपडे आत घेई. दाखल्याशिवाय माल तिथल्या बंदरात अडकणार होता. कारखान्यात साठ बायका शिवणकाम करत होत्या. कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: नार्वेकर, टायपिस्ट सुलक्षणा आणि कटिंग मास्टर सहदेव. नार्वेकरांचा संशय सुलक्षणावर होता, कारण तिचा भाऊ दुसऱ्या निर्यातदाराकडे होता.

वसुधा आणि तिचे सहकारी, निवृत्त हवालदार भाऊराव, कारखान्यात गेले. सुलक्षणाने शांतपणे दाखल्याची प्रत दाखवली. त्यावर कारखान्याचं नाव छापलेलं होतं. उरलेल्या शर्टांचं नवं कापड सोमवारी वेगळ्या व्यापाऱ्याकडून आलं, एवढंच तिने वर सांगितलं.

सहदेव बावीस वर्षं गिरणीत विणकर होता. संपानंतर इथे आला. त्याच्या टेबलावर काडेपेटी होती आणि लोखंडी पट्टीला एक काळा, कडक मणी चिकटला होता. भाऊरावांनी बिडी पुढे केली. ओढत नाही, म्हणाला.

संध्याकाळी वसुधाने सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं.

"चोर सुलक्षणाच ना?" भाऊरावांनी विचारलं.

"दाखल्यावर या कारखान्याचं नाव आहे. दुसऱ्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणजे चोराला फक्त माल थांबवायचा होता."

तिने नव्या कापडाचा धागा काढून पेटवला. धागा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला.

"सुताची राख होते, भाऊराव. दाखला सुती मालाचा, आणि यात पॉलिएस्टर आहे. बिडी न ओढणाऱ्याने काडेपेटी यासाठी ठेवली होती."

सहदेवने कागदी पॅटर्नच्या गठ्ठ्यातून दाखला काढून टेबलावर ठेवला.

"सायबांका दोनदा सांगितलं. बघू म्हणाले. तिकडे पकडले तर कारखान्याचा नावच काळ्या यादीत जायत. गिरणी बंद पडली तेव्हा आमका कोणी इचारूक नाय. ह्या बायांकाही कोण इचारतला?"

सुती कापड वेळेत मिळत नव्हतं, असं नार्वेकर म्हणाले. पोलिसांत कळवायचं का, हे वसुधाने विचारलं. नाही, म्हणाले, आणि अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला टेलेक्स करायला उठले.

माल तीन आठवडे उशिरा गेला, सुती आणि निम्माच. त्या दिवाळीत बोनस मिळाला नाही. पण साठांपैकी एकीचंही काम सुटलं नाही.