झ्लाता आजीचा काळ्या चौकटीतला फोटो

"त्या पेन्चोला कसली रीत म्हणून नाही!" झ्लाता आजीने मुरंब्याच्या पातेल्यावर डाव आपटला. "मुख्याध्यापक झाला म्हणून काय झालं? माझा एकुलता एक धड फोटो घेऊन गेला. म्हणे, 'आजी, शाळेला शंभर वर्षं झाली, शाळेच्या फेसबुकच्या पानावर टाकतो, उद्या परत देतो.' आठ दिवस झाले! चाळीस वर्षं शाळेत सूप रांधलं मी. तीनदा वाढलं तरी वाडगा चाटायचा हा पेन्चो!"

अंगणात तिघं हसू दाबत केसांच्या आकड्यांनी आंबट चेरीच्या बिया काढत बसली होती. बिल्याना आजीची नात, रांगेल शेजारचा, आणि सेव्दा गावातल्या एकुलत्या एका दुकानदाराची मुलगी. शाळा बंद, तळ्यावर पोहायला जायचं ठरलेलं; पण चेरी संपल्याशिवाय सुटका नव्हती!

तेवढ्यात फाटकाशी पावाची गाडी थांबली. शेजारच्या गावचा पाववाला उतरला. त्याने टोपी काढली, फाटकाच्या कडीत फुलं अडकवली आणि रुमालाने डोळे टिपले.

"फुलं?" बिल्याना धावली. "एक, दोन, तीन... चार!"

रांगेलच्या हातातला आकडा खाली पडला. "चार? सम संख्येची फुलं तर आपल्याकडे मेलेल्याला देतात!"

"कोणाची फुलं रे ती?" म्हणत आजी डाव घेऊन बाहेर आली. तिला पाहताच पाववाला पांढराफटक झाला आणि रस्त्यावरच फतकल मारून बसला!

"आजी... तुम्ही? मला परदेशातून, लिओंहून तुमच्या गावच्या बाईचा फोन आला. म्हणाली, झ्लाता आजी गेल्या, माझ्या नावाने चार फुलं ठेवा."

"गेले? कुठे गेले? मुरंबा कोण ढवळणार मग?"

"पण तिला सांगितलं कोणी?" बिल्यानाने विचारलं.

"शाळेने! शाळेच्या पानावर आहे म्हणे."

सेव्दाने घाईघाईने फोन काढला. "तू कसं नाही बघितलंस?" रांगेल खेकसला.

"सुट्टीत शाळेचं पान कोण बघतं? तू बघतोस?"

पान उघडलं आणि तिघांची तोंडं उघडीच राहिली. आजीचा फोटो. भोवती जाड काळी चौकट. खाली ओळ : "प्रिय झ्लाता आजी, शाळा तुम्हाला कधीही विसरणार नाही."

आता गावातल्या प्रत्येक भिंतीवर, खांबावर, बसथांब्यावर गेलेल्या माणसांचे असेच कागद चिकटवलेले असतात. काळी चौकट दिसली की पुढचं वाचत कोणी नाही. आधी टोपी काढतात! अर्धं गाव कामासाठी परदेशी गेलेलं. त्यांना गावाची खबर द्यायला हे एकच पान. खाली एकशे चाळीस जणांनी लिहिलं होतं, "देव तिला क्षमा करो."

"क्षमा? माझ्या कुठल्या पापाची?" आजी कडाडली.

पण बिल्याना हसत नव्हती. तिने एका ओळीवर बोट ठेवलं होतं. "काल दुपारी निघालो. घरचा फोन लागत नाही. आईला पुरायला माझ्यासाठी थांबा. स्तामेन."

"बाबा!"

बिल्यानाला आई नव्हती. जे काय होतं ते आजी आणि स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागेत राबणारे बाबा. आजोबा गेले तेव्हा ते असेच दोन रात्री न झोपता गाडी हाकत आले होते. सीमेपाशी डोळा लागला आणि गाडी खड्ड्यात गेली! बरगड्यांवर निभावलं. या वेळी?

"आजी, तुझा फोन कुठंय?"

आजीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कपाटात. उगीच बॅटरी जळते म्हणून बंद केला."

फोन सुरू केला. एकोणीस वेळा बाबांनी फोन केला होता! बिल्यानाने लावला, तर त्यांचा बंद. गाडीत तो कधीच चार्ज होत नसे.

सेव्दाने पानावर लिहिलं, "आजी जिवंत आहेत!" लगेच कुणा मावशीचं उत्तर आलं, "बाळ, अशा वेळी थट्टा करू नये."

"आपलं कोण ऐकणार? शाळेनेच सांगायला हवं!" बिल्याना म्हणाली. "आजी, उभी राहा!"

तिने बागेतली पाच फुलं आजीच्या हातात दिली. पाच, म्हणजे जिवंत माणसाची! आजीने परातीत पीठ पसरलं आणि चार इयत्ता शिकलेल्या बोटाने मोठी वाकडी अक्षरं काढली : "स्तामेन, झोप!" सेव्दाने फोटो काढला आणि तिन्ही सायकली धरणाकडे सुटल्या.

मुख्याध्यापक पेन्चेव, म्हणजे आजीचा पेन्चो, सुट्टीत नेहमीसारखे तिथे गळ टाकून बसले होते.

"सर! आजीची काळी चौकट!"

"श्श! छान दिसते ना? जुन्या फोटोला शोभते." सगळं ऐकून घेतल्यावरही ते गळाकडेच बघत होते. "असं झालं होय? संध्याकाळी बघतो. आता मोठा मासा लागतोय."

बिल्यानाचे डोळे भरून आले. सेव्दाने मात्र सुस्कारा टाकला. "चालेल सर. आजी येतायत, त्यांनाच सांगा. डाव हातात आहे."

सरांनी दचकून रस्त्याकडे पाहिलं. आजी खरं तर घरी मुरंबा ढवळत होती! "अरे, घ्या घ्या! माझा फोन घ्या!"

चौकट गेली. पीठ माखलेली, रागावलेली आजी पानावर आली. खाली बिल्यानाने लिहिलं, "माझे बाबा लाल गाडीतून एकटे येत आहेत. दिसले तर थांबवा!"

मग माद्रिदहून, लिओंहून, कुठून कुठून उत्तरं आली. वेरोनाजवळच्या हमरस्त्यावरच्या खानावळीत भांडी घासणाऱ्या मिरोस्लावाने लिहिलं, "गावची गाडी सूप प्यायल्याशिवाय इथून पुढे जात नाही. मी दारात उभी राहते."

दुपार सरली. बिल्यानाने चेरीला हात लावला नाही. सहाला फोन वाजला.

"आई?" मिरोस्लावाच्या फोनवरून बाबांचा घोगरा आवाज.

"आधी झोप!" आजी ओरडली, आणि मग एप्रनच्या टोकाने बराच वेळ नाक पुसत राहिली.

बाबा झोपून, जेवून, दोन दिवसांनी सुखरूप आले. बिल्यानाला त्यांनी उचलूनच घेतलं. "तुम्ही तिघं नसता, तर मी घाटात कुठे असतो कोण जाणे!" ते म्हणाले. आजीने मुरंब्याची पहिली बरणी तिघांपुढे सरकवली. आजपर्यंत ती फक्त पाद्रीबाबांना मिळायची!

तेवढ्यात मुख्याध्यापक आले, हातात फोटो आणि गुलाबांचा गुच्छ घेऊन. आजीने गुलाब मोजले. सहा! तिने एक उपटून बिल्यानाच्या वेणीत खोवला.

"पेन्चो," ती म्हणाली, "तू वाईट नाहीस. पण जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे तुला फक्त माशांतच कळतं. शाळेचं पान आजपासून या तिघांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आता बस. सूप वाढते."