मधाचं बोट

"या जखमेवर खाण्याचा मध कुणी ओतला?"

डॉक्टरांनी पट्टी बाजूला करत विचारलं. "मध तो मधच, बरणीतला काय नि औषधाचा काय!" असं कालपरवाच म्हणणारी नणंद पांढरीफटक पडली, आणि तिची बोटं वहिनीच्या, म्हणजे थोरलीच्या, मनगटात रुतली...

सासूबाईंच्या पोटरीवर उकळतं पाणी सांडल्यापासून ड्रेसिंग थोरलीच करी. जखमेसाठीच बनवलेला, निर्जंतुक केलेला ट्यूबमधला मध पट्टीवर पसरायचा, आणि जुनी पट्टी सोडवण्याआधी हलकेच म्हणायचं, "दुखेल हं..." माहेरी आलेल्या नणंदेला मायेचा उमाळा आला; ट्यूब संपलेली, बरणी हाताशी... आणि भरत आलेली जखम चिघळली!

"मी ओतला," थोरली म्हणाली.

"अक्कल गहाण टाकलीस का?" नवरा कडाडला.

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "इतके दिवस मधाचं बोट लावत होती मला! आता हिचा हात नको."

मग पट्टीला नर्स येऊ लागली. नणंद भरल्या पिशव्या आणि भरल्या डोळ्यांनी सासरी गेली. थोरली दाराबाहेर उभी राहून आतलं कण्हणं ऐके, नातेवाईक फोनवर हसत विचारत, "काय म्हणतेय तुमची मधमाशी?"

एका दुपारी नर्स आली नाही. सासूबाईंनीच हाक मारली. थोरलीने हात धुतले, नव्या पट्टीवर मध पसरला, ती पायाशी बसली... आणि तिने तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या,

"दुखेल हं."

"काय?"

"मला ठाऊक होतं गं. डोळे मिटून पडले होते त्या दिवशी. न सांगता पट्टी ओढली गेली... तेव्हाच कळलं, हा तुझा हात नव्हे."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"लेक चार दिवसांची पाहुणी. परत उंबरा चढली नसती." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू काय... तू कुठे जाणार होतीस?"

त्यांचा हात तिचा हात शोधत आला. तिने तो झिडकारला नाही, धरलाही नाही.

"पाय सरळ करा," ती म्हणाली, आणि पट्टीचं टोक चिमटीत धरलं. ओठांवर आलेले ते दोन शब्द तिने आज पहिल्यांदाच गिळले...

हात मात्र, मेला, नेहमीसारखाच हलका पडला!