एकोणिसावा कार्बन

दोन बोटी आहेत. एकीत डिझेल, दुसरीत उंडीच्या बियांचं इंधन. दोघींच्या नळकांड्यांतून कार्बन डायऑक्साइड (पृथ्वीला दुलईसारखा गुंडाळून तापवणारा वायू) जवळजवळ सारखाच बाहेर पडतो. मग एक बोट वाईट आणि दुसरी चांगली कशी?

हा प्रश्न नांदवे गावच्या हर्षली तांडेलला धक्क्यावर पडला, आणि अगदी नको त्या वेळी पडला. समोर यंत्रनिरीक्षक, म्हणजे बोटींची तपासणी करणारा रोबो, उभा होता. त्या वर्षापासून खाडीत डिझेलच्या बोटींना बंदी होती. हर्षलीच्या पप्पांची फेरीबोट बंद पडली असती, तर पलीकडच्या शाळेत जायला रस्त्याने दोन तास लागले असते. मग गावातल्या सगळ्या मुलांची रवानगी वसतिगृहात. हर्षलीला घर सोडून कुठेही राहायचं नव्हतं, आणि हे ती ऐकेल त्याला सांगत होती.

म्हणून तर तिच्या प्रणोतीआत्याने प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यावर गावी येऊन हे इंधन बनवलं होतं. उंडी हे किनाऱ्यावरचं झाड. त्याचं तेल इतकं कडू, की ते कुणाच्या फोडणीतून पळवल्याची तक्रार येण्याची भीती नाही. बिया उन्हात वाळवायच्या आणि सौरविजेच्या घाण्यात त्यांचं तेल गाळायचं. बोटीवर आत्याने हौसेने पाटीही रंगवली होती: ‘शंभर टक्के उंडी’.

रोबोने नळकांड्याला सोंड लावली आणि निकाल दिला. वायू डिझेलइतकाच, सबब परवाना नाही. पप्पांचं तोंड एवढंसं झालं.

हर्षली आत्याकडे वळली. तिच्या आवाजात राग होता. आपण एवढ्या बिया वेचल्या त्या फुकटच का, असं तिने विचारलं. आत्याने तिला उलट विचारलं, की शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली आणि परत केली, तर दोन्ही घरांची मिळून साखर वाढते का? नाही वाढत. उंडीचं झाड हवेतला कार्बन उसना घेतं आणि त्याचं तेल बनवतं. ते जाळलं की तोच कार्बन हवेला परत मिळतो. डिझेलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला असतो. तो वर काढून जाळला, की हवेत नवी भर पडते.

रोबोचं म्हणणं असं, की वायूवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

“नाव नसेल,” हर्षली म्हणाली. “पण वय असेल ना?”

आत्याने मान डोलावली. वय असतं खरं. हवेत थोडासा कार्बन-१४ (हळूहळू विरत जाणारा किरणोत्सारी कार्बन) सतत तयार होत असतो. झाडं तोही घेतात. पन्नास-साठ हजार वर्षांत तो जवळजवळ संपतो, म्हणून डिझेलमध्ये तो सापडतच नाही. तो मोजायचं यंत्र रोबोच्या पोटात होतं, फक्त ते वापरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितल्याशिवाय रोबो काही करत नाहीत. या बाबतीत ते हर्षलीच्या वर्गासारखेच.

आत्याने सांगितल्यावर रोबोने पुन्हा मोजलं. एकोणीस भागांपैकी अठरा भाग ताजा कार्बन, एक भाग प्राचीन. नियम दहात निदान नऊ भाग ताजा असण्याचा होता. परवाना मिळाला आणि पप्पांनी जोरात भोंगा वाजवला.

आत्या मात्र खट्टू झाली. तिची चूक तिच्या लक्षात आली होती. उंडीचं तेल दाट, इंजिनात अडकणारं. म्हणून त्यात मिथेनॉल (सर्वांत साधा अल्कोहोल) घालून तिने ट्रान्सएस्टरीकरण (तेलाचे जड रेणू सोडवून हलके करणं) केलं होतं. त्या हलक्या रेणूत बहुधा अठरा कार्बन उंडीचे असतात आणि एकोणिसावा मिथेनॉलचा. तिने आणलेलं मिथेनॉल जमिनीखालच्या वायूपासून बनलेलं होतं.

पप्पा म्हणाले, पास झालो ना, आता सोडा.

“नाही सोडायचं,” हर्षली म्हणाली. “एक का असेना, तो जमिनीखालचाच आहे. दुसरा अल्कोहोल कशापासून होतो?”

कुठल्याही गोड रसापासून, आत्याने सांगितलं. रस आंबवला की इथेनॉल मिळतं. हर्षलीने डोंगराकडे पाहिलं. काजूच्या झाडांखाली बोंडांचे ढीग कुजत होते, त्यांचा आंबूस वास धक्क्यापर्यंत येत होता. बी काढून घेतली की त्या रसाळ बोंडांना गावात कुणी विचारत नसे.

“कठीण जाईल गो,” आत्या म्हणाली. “त्यातलं पाणी पुरतं काढावं लागेल. आणि इथेनॉलमध्ये कार्बन दोन असतात, म्हणजे एकोणिसाचे वीस होणार.”

“होऊ देत. वीसच्या वीस झाडांचे असतील.”

पुढची तपासणी वर्षाने ठेवू का, असं रोबोने विचारलं. हर्षलीने त्याला बोंडांचा हंगाम संपायच्या आत, येत्या मे महिन्यातच यायला सांगितलं, आणि टोपली घेऊन ती डोंगराच्या वाटेला लागली.